नैतिक नेतृत्व अंगात असावं लागतं की सरावाने येतं? (निमित्त : नागपुरात राहिलेले जेम्स लॉसन)

संत्रानगरी

हिस्लॉप कॉलेजवरून माझा रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता. सिव्हिल लाइन्समधलं ते आवार हजारदा पाहिलं असेल. पण तिथे १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण शिकवत होता, मुलांचे खेळ घेत होता, हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून १३ महिने तुरुंगात राहून ते मेथडिस्ट चर्चतर्फे इकडे आले होते. गांधींचा मार्ग जवळून समजून घ्यायचा होता. डिसेंबर १९५५ मध्ये इथल्याच 'नागपूर टाइम्स'मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध पुकारलेल्या बस बहिष्काराची बातमी वाचली आणि खोलीत एकटेच असताना आनंदाने ओरडले, टाळ्या पिटल्या.

अमेरिकेत परत गेल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन कॉलेजात मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. दोघेही २८ वर्षांचे. शिक्षण पूर्ण करून अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे वर्णभेद कडक होता, यायचा लॉसन यांचा विचार होता. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि एका चर्चच्या तळघरात कॉलेजच्या मुलामुलींची शिबिरं घेऊ लागले. पुढे अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीत नाव झालेले जॉन लुइस, डायन नॅश, बर्नार्ड लाफायेत, जेम्स बेव्हेल हे सगळे त्या तळघरातले विद्यार्थी.

आता हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला की घरकामाच्या बायका, झाडूपोछावाल्या आणि पार्सल देणारी मुलं यांनी फक्त मागची लिफ्ट वापरायची. मागची लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद असते. आमच्याकडे येणाऱ्या ताई सहा मजले चढून येतात, एका गुडघ्यावर हात टेकवत. ठराव वाचला जात होता तेव्हा बोलायचं म्हणून माझा घसा अक्षरशः भरून आला होता. हात वर केला नाही. मागून कोणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणालं आणि पुढचा विषय सुरू झाला.

त्या दिवसापासून मनातून जात नाही. चूक काय, बरोबर काय हे मला कळत होतं. मग कमी काय पडलं? मला वाटतं, लॉसन यांच्याकडे याचं उत्तर आहे : धैर्य हा स्वभाव नाही, रियाज आहे. तुम्हाला काय वाटतं?

कल्याणकर_मधला

चांगला विषय. लॉसन हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाचतोय.

खडूफळा

संत्रानगरी, तुमच्या मताला पूर्ण अनुमोदन, आणि त्या तळघरात नेमकं काय चालायचं ते सांगते, कारण मी शाळेत त्यातलंच थोडं करते.

खुर्च्या ओळीने मांडायच्या, तेच दुकानातलं जेवणाचं काउंटर, जिथे कृष्णवर्णीयांना बसून खायला मनाई होती. काही मुलं ग्राहक म्हणून बसायची. बाकीची गुंड व्हायची. अंगावर ओरडायची, घाणेरड्या शिव्या द्यायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची, खुर्चीवरून खेचून पाडायची. बसलेल्यांनी शांत राहायचं. मार पडायला लागला तर डोकं कसं झाकायचं, अंग कसं आक्रसून घ्यायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जायचं. कोणाला राग आवरला नाही तर तिथेच थांबून बोलायचं. ज्याला जमणारच नाही त्याला दुसरं काम. लॉसन कोणाला कमी लेखत नसत.

शिवाय त्यांनी घाई केली नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये दोन मोठ्या दुकानांत छोटे गट पाठवून फक्त चाचपणी केली. बसले, जेवण नाकारलं गेलं, व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलून बाहेर आले. प्रत्यक्ष सत्याग्रह १३ फेब्रुवारी १९६० ला, १२४ विद्यार्थी.

माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलाला बोलताना अडखळायला होतं आणि मुलं चिडवायची. भाषणं देऊन थकले. मग एक दिवस चार-चार जणांचे गट केले आणि सांगितलं की एकजण चिडवेल, एकजण ऐकणारा, आणि उरलेल्या दोघांनी मध्ये पडायचं, पण भांडायचं नाही. पहिल्यांदा सगळे हसले. तिसऱ्या वेळी एक मुलगी म्हणाली, "बाई, काय बोलायचं ते मला माहितीये, पण तोंडातून येतच नाही." आम्ही फळ्यावर वाक्यं लिहिली. "थांब, त्याला पूर्ण बोलू दे." एवढंच वाक्य. पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलं.

तुम्हाला सभेत कमी पडलं ते हेच. पहिलं वाक्य तयार नव्हतं.

तिखटमीठ

थोडा विरोध नोंदवते. सरावाने हातपाय स्थिर होतील, पण मुळात त्या तळघरात जायचं ठरवणं कुठून येतं? मला वाटतं घरातून.

लॉसन लहान असताना रस्त्यात एका गोऱ्या पोराने वर्णावरून शिवी दिली आणि यांनी त्याच्या थोबाडीत मारली. घरी येऊन आईला सांगितलं. आई स्वयंपाक करत होती, पाठमोरीच. तिने विचारलं, "जिमी, त्याने काय भलं झालं?" आणि मग वळूनही न बघता प्रेमाबद्दल, देवाबद्दल, तो कोण आहे याबद्दल बोलत राहिली. त्या संध्याकाळी आपलं आयुष्य बदललं असं ते म्हातारपणापर्यंत सांगत. वडील पाद्री असून कमरेला पिस्तूल बाळगणारे! एकाच घरात दोन्ही वाटा होत्या, आणि पोराने आईची धरली.

ज्याला अशी आई मिळाली नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

खडूफळा

तिखटमीठ, तिथेच तर शाळा येते!

चवदार_पाणी

मला यातली एक गोष्ट खटकते आणि ती मी स्पष्ट बोलणार आहे.

ज्याच्यावर थुंकलं जातं त्यानेच शांत राहायचं प्रशिक्षण घ्यायचं, हा कुठला न्याय? थुंकणाऱ्यांची शिबिरं कोणी घेतली? नैतिक नेतृत्व म्हटलं की लगेच सोसणाऱ्याच्या सहनशीलतेचं कौतुक सुरू होतं. आमच्या आजोबांनी गावात आयुष्यभर सोसलं. त्यांना कोणी महान म्हटलं नाही, उलट "ही माणसं गरीब स्वभावाची" म्हणून अजून राबवून घेतलं.

अमेरिकेतही सगळ्यांना हे पटलं नव्हतंच. १९६६ पर्यंत या सत्याग्रहांतून निघालेल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेतच 'ब्लॅक पॉवर'ची (कृष्णवर्णीयांची सत्ता) घोषणा आली. त्याच वर्षी ओकलंडला कृष्णवर्णीयांचा लढाऊ ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि त्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. त्या रागाने आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं. रागाला अनैतिक म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

आणि नागपूर म्हणताय तर हेही लिहा की लॉसन ज्या वर्षी परतले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमीला नैतिक नेतृत्वाच्या चर्चेत शेवटच्या ओळीत जागा मिळू नये.

संत्रानगरी

चवदार_पाणी, मनापासून मान्य. दीक्षाभूमीचा उल्लेख पहिल्या पोस्टमध्येच यायला हवा होता. थुंकणाऱ्यांची शिबिरं कोणी घेतली, हा प्रश्न तर माझ्यासारख्यालाच लागू आहे. आमच्या सभेत मी सोसणाऱ्यांच्या बाजूचा नव्हतो, ठराव करणाऱ्यांच्या खुर्च्यांतला होतो.

टेनेसीवासी

मी नॅशव्हिलजवळ राहतो, म्हणून हा धागा उघडला आणि दोनदा वाचला.

इथल्या मुख्य सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर नागरी हक्कांचं दालन आहे. मधोमध जेवणाच्या काउंटरसारखं गोलसर टेबल, समोर स्टुलं. टेबलाच्या कडेवर त्या विद्यार्थ्यांचे दहा नियम कोरलेले आहेत. लुइस आणि लाफायेत यांनी लिहिलेले. उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानाची दारं, वाटा अडवू नका. सरळ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. सगळ्यांशी नम्रपणे वागा. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. स्टुलावर बसून तिने बोट फिरवत सगळे नियम वाचले आणि विचारलं, "हसू नका असं का?" मला पटकन सांगता येईना. मग तिचं तिलाच सुचलं : "म्हणजे समोरच्याला वाटू नये की आपण त्याला हसतोय." पुन्हा वाचायला लागली.

चवदार_पाणी यांच्या मुद्द्यावर एक सांगायचं आहे. सोसणं हा नॅशव्हिलचा अर्धाच भाग होता. ईस्टरच्या खरेदीच्या ऐन हंगामात कृष्णवर्णीय वस्तीने शहरातल्या दुकानांवर बहिष्कार टाकला, दुकानदारांचा गल्ला बसला. २७ फेब्रुवारीला ८१ जणांना अटक झाली तेव्हा ५० डॉलर दंड भरून सुटण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. हे हात जोडून विनवणी करणं नव्हतं. सगळा जोर वापरला, फक्त हात उगारला नाही.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर डायनामाइट टाकलं. समोरच्या मेडिकल कॉलेजच्या शंभरावर काचा फुटल्या. त्याच दिवशी ३ ते ४ हजार माणसं महापौरांच्या कचेरीवर चालत गेली, घोषणा नाहीत, गाणं नाही, फक्त पावलांचा आवाज. तिथे चळवळीतले पाद्री सी. टी. व्हिव्हियन यांनी महापौर बेन वेस्ट यांना खडे बोल सुनावले, तेही चिडले, शब्दाला शब्द वाढला. मग एकवीस वर्षांच्या डायन नॅशने साधा प्रश्न विचारला : केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? वेस्ट म्हणाले, हो, वाटतं. १० मे पासून सहा दुकानांची काउंटरं सगळ्यांसाठी खुली झाली.

म्हणजे व्हिव्हियन यांचा राग आणि नॅशचा प्रश्न, दोन्ही लागले. राग आधी आला म्हणून प्रश्नाला वजन आलं असं मला वाटतं.

चवदार_पाणी

टेनेसीवासी, शेवटची ओळ पटली. बहिष्काराचा भाग मला माहीत नव्हता.

मीच थोडी भर घालतो. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपात परतले, तेव्हा मंदिरात घुसणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. जेवत असलेल्या माणसांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. आमच्या लोकांत सैन्यातून आलेले गडी होते, मनात आणलं असतं तर महाड पेटलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. आणि नंतर कोर्टात लढा नेला, तो दहा वर्षांनी हायकोर्टात जिंकला. त्या दिवशी आवरणं हा दुबळेपणा नव्हता. पण आवरा म्हणायचा हक्क त्यांना होता, कारण तळ्याकडे पहिलं पाऊल त्यांनी टाकलं होतं. बाहेरून उपदेश करणाऱ्याला तो हक्क नाही. माझा मूळ राग त्या उपदेश करणाऱ्यांवर आहे, हे लिहिता लिहिता मला कळलं.

वऱ्हाडी_ठेचा

बापा, काय जबरदस्त चाललंय इथं! माये वडील हिस्लॉपचेच, पण साठनंतरचे. त्याईले फोन करून विचारलं तर म्हणे लॉसन सरांचं नाव आम्ही नाही ऐकलं, पण मैदान लय चांगलं होतं. आता दर चार मिनिटांनी फोन करून राहिले, "अजून काय लिहिलं रे लोकांनी?"

कल्याणकर_मधला

वऱ्हाडी_ठेचा, बाबांनाच आयडी काढून द्या. :)

तिखटमीठ

मला आणखी एक गुण दिसतो ज्यावर कोणी बोललं नाही : दुसऱ्याला पुढे करणं. नॅशव्हिलच्या सगळ्या छायाचित्रांत विद्यार्थी आहेत. लॉसन यांना मात्र व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये काढून टाकलं, पदवी तोंडावर असताना. नाव त्यांचं पुढे नव्हतं, किंमत मात्र त्यांनी मोजली.

एप्रिल १९६० मध्ये रॅले इथे एला बेकर यांनी देशभरातल्या विद्यार्थ्यांना जमवलं, तेव्हाही तेच. तेव्हा त्या ५६ वर्षांच्या, किंग यांच्या संघटनेत काम करत होत्या. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की आमच्यासकट कोणाच्याही शेपटाला बांधून घेऊ नका, तुमची संघटना तुमची असू द्या. आपल्याच संस्थेची शाखा वाढवायची संधी सोडून देणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्याकडे महिला मंडळाचं अध्यक्षपदही सुटत नाही लोकांना, मी स्वतः पाहिलंय, आणि त्यातून चांगली चांगली कामं बुडालेली पाहिलीत.

टेनेसीवासी

व्हँडरबिल्टचं पुढे काय झालं तेही ऐका. २००६ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना शिकवायला सन्मानाने बोलावलं आणि ते गेले. त्यांच्या नावाने तिथे आता संस्था आहे.

भीमथडी

क्षमा करणं ठीक, पण लॉसन नंतर जेम्स अर्ल रे याला तुरुंगात भेटायला जात होते, किंग यांच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्याला. १९७८ मध्ये त्याचं लग्नही त्यांनी लावलं. हे मला जड जातं. किंग यांना मेम्फिसला बोलावणारेच लॉसन होते ना?

खडूफळा

हो, लॉसनच. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये पाऊस कोसळत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पोटात शिरले. यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघे चिरडले गेले. १३०० कामगार संपावर गेले. गळ्यात एकच पाटी : 'मी माणूस आहे.' लॉसन संपाच्या डावपेच समितीचे अध्यक्ष. त्यांनी मित्राला बोलावलं, मित्र आला, आणि ४ एप्रिलला लोरेन मोटेलच्या गॅलरीत मारला गेला.

भीमथडी, मलाही ते जड जातं. पण ज्याच्या बोलावण्यावरून मित्र आला आणि गेला, त्याने पुढे काय केलं तर त्याला रात्री झोप लागेल, हे मी बाहेरून ठरवू शकत नाही. रे खुनी नाही, असं लॉसन यांचं मत होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. सगळ्यांना ते मत पटत नाही.

भीमथडी

हे माहीत नव्हतं. विचार करतो.

खडूफळा

संत्रानगरी, पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली, ती तुमच्या लिफ्टसाठी महत्त्वाची आहे. जेवणाच्या काउंटरपासूनच सुरुवात करायची हे लॉसन यांनी एकट्याने ठरवलं नव्हतं. शिबिरांत आधी कितीतरी दिवस फक्त ऐकणं चाललं. घर, नोकऱ्या, शाळा, पोलीस, सगळे विषय निघाले. मग बायका बोलल्या. शहरात खरेदीला गेलं की पोरांना घेऊन दिवसभर फिरायचं, पैसे त्याच दुकानात मोजायचे, पण टेकायला जागा नाही, पोराला दोन घास द्यायला जागा नाही, संडासाला जायची सोय नाही. त्यातून काउंटर ठरलं. तुमच्या ताईंना तुम्ही विचारलंत का?

संत्रानगरी

नाही विचारलं.

संत्रानगरी (चार दिवसांनी)

विचारलं. खडूफळा, तुमच्या त्या एका ओळीने चार दिवस बेचैन होतो.

आधी एकट्या ताईंना विचारलं. त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "लिफ्टचं जाऊ द्या दादा, आधी संडासाचं पहा." मला कळेना. मग नळ बंद करून ओढणीला हात पुसत नीट सांगितलं. सकाळी सातला येतात, पाच घरं करून निघायला दोन वाजतात. कोणत्याच घरात विचारायची सोय नाही. वॉचमनच्या खोलीमागे एक आहे, त्याला कडी नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एकीला मुतखड्याचा त्रास झाला, तिने काम सोडलं. माझ्या घरात अकरा वर्षं येतात ताई. माझ्या बायकोनेही कधी विचारलं नव्हतं, तीही ऐकताना ओट्याशी उभी राहिली ती हललीच नाही.

मग ताईंनीच आणखी सहा जणींना रविवारी दुपारी आमच्याकडे आणलं. आधी कोणी खुर्चीवर बसेना. बायकोने स्वतः खाली सतरंजीवर बसून चहा दिला तेव्हा बोलायला लागल्या. त्यांचं म्हणणं असं ठरलं : तळमजल्यावर कडी, दिवा आणि पाणी असलेला संडास, आणि मागची लिफ्ट बंद असेल त्या दिवशी पुढची वापरायची मुभा. एवढंच त्या मागणार आहेत आत्ता. लिफ्टचा अख्खा ठराव रद्द करा असं मी म्हणत होतो, तर एक म्हणाली, "तुमचं खरं आहे, पण तुम्ही भांडाल आणि काम आमचं जाईल." मी गप्प ऐकलं. किती मागायचं ते त्यांचं त्या ठरवतील.

विशेष सभा पुढच्या रविवारी आहे. दोघीजणी स्वतः येऊन बोलायला तयार आहेत, मी फक्त विषय मांडायचा आणि त्यांना बोलू द्या म्हणायचं. पहिलं वाक्य कागदावर लिहिलंय. पण तेवढ्याने भागणार नाही असं वाटतं. मला आणि त्या दोघींना कोणीतरी समोरून ओरडायला हवंय.

चवदार_पाणी

शनिवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावा. मी सेक्रेटरी बनतो. तुमच्या सेक्रेटरीपेक्षा वाईट बोलेन, तयारी ठेवा. आणि त्या दोघींना आधी सांगून ठेवा की हे खोटं आहे, आणि कॉल संपल्यावर मला त्यांच्याशी नीट बोलायचंय.

वऱ्हाडी_ठेचा

मी मागून "मंजूर, मंजूर" म्हणतो. बाबाही येतो म्हणतात, त्याईचा आवाज मोठा आहे.

तिखटमीठ

मी पण आहे. नऊ नको, साडेनऊ ठेवा, त्या ताईंची जेवणं उरकू देत. आणि वेळ त्यांनाच विचारा.